आधी समजून घेऊ, मग टोचून घेऊ

(तळा, जि. रायगड येथे भरलेल्या महिला आरोग्य मेळाव्यातील भाषणाचे शब्दांकन)



मेळाव्याच्या पत्रिकेत माझा विषय 'मधुमेहावरची इंजेक्शने' असा छापलाय. सकाळी चहाच्या वेळी दोघी-तिघी म्हणाल्या, "ताई, हा तर डॉक्टरांचा विषय. तुम्ही पोटगीवर बोला, दारूबंदीवर बोला." त्या विषयांवर आपण बोलतोच, पुढेही बोलू. पण हा विषय मी मुद्दाम मागून घेतला. मी बरीच वर्षं परिचारिका म्हणून काम केलं आणि आता संघटनेचं काम करते. दोन्ही कामांत बायका माझ्याशी सुईबद्दल बोलतात ते एकसारखंच असतं. एक म्हणते, "सुई लागली म्हणजे आता संपलंच." दुसरी म्हणते, "डॉक्टरांनी सुई लिहून दिलीय, पण घरात सांगितलं नाही. खर्च वाढेल म्हणतील." आणि अलीकडे तिसरी भेटायला लागलीय. ती विचारते, "आठवड्याला एकच घ्यायची नवी सुई निघालीय म्हणे, तिने बाई बारीक होते. खरं का?"

या तिन्ही बायकांना उत्तर हवं आहे. डॉक्टरांच्या खोलीत दोन मिनिटं मिळतात, त्यात ते मिळत नाही. म्हणून आज आपण ते इथे बसून शोधू या.

सुईशी आपलं जुनं नातं

आपल्या चळवळीला इंजेक्शन हा विषय नवा नाही. १९८५ मध्ये आंध्र प्रदेशात पटनचेरू इथे नेट-एन या गर्भनिरोधक इंजेक्शनची चाचणी चालू होती. ज्या गरीब बायकांना ते टोचलं जात होतं, त्यांना ही चाचणी आहे हे नीट सांगितलेलं नव्हतं. हैदराबादची स्त्री शक्ती संघटना, दिल्लीची सहेली आणि इतर गट १९८६ मध्ये त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेले. पुढे डेपो-प्रोव्हेराच्या वेळी मुंबईपासून दिल्लीपर्यंत बायका रस्त्यावर आल्या. तेच इंजेक्शन २०१७ पासून 'अंतरा' नावाने सरकारी केंद्रांतून दिलं जातं, हे तुमच्यापैकी आशाताईंना माहीतच आहे.

त्या लढ्यातून आपण चार प्रश्न विचारायला शिकलो. या सुईत काय आहे? ती माझ्या शरीरात काय करणार? त्रास झाला तर मी कुठे जायचं? आणि मला ती नको असेल तर दुसरा उपाय कोणता?

आज हेच चार प्रश्न मला मधुमेहाच्या सुईला विचारायचे आहेत. फक्त एक फरक सुरुवातीलाच लक्षात ठेवा. तिथे निरोगी बाईला सुई टोचली जात होती आणि ती घेऊ नकोस असं सांगण्यात बाईचं हित होतं. इथे बाई आजारी आहे. भीतीपोटी सुई नाकारली तर डोळे, मूत्रपिंड, पाय, हृदय यांवर बेतू शकतं. तेव्हा आपण सुईच्या बाजूचेही नाही आणि विरोधातलेही नाही. आपण बाईच्या बाजूचे आहोत.

आजार काय आहे

आपण जेवतो त्याची साखर होते. ती रक्तातून सगळ्या शरीरात फिरते. स्नायूंनी ती उचलायची तर इन्सुलिन हा रस लागतो. तो पोटात, जठराच्या मागे असलेल्या स्वादुपिंडात तयार होतो. टाइप एक मधुमेहात हा रस जवळजवळ बनतच नाही. हा आजार अनेकदा लहान वयात होतो आणि त्यात पहिल्या दिवसापासून इन्सुलिन घ्यावंच लागतं. टाइप दोनमध्ये रस बनतो, पण शरीर त्याला दाद देत नाही. मग स्वादुपिंड जास्त रस बनवत राहतं आणि वर्षानुवर्षं असं राबून शेवटी थकतं. आपल्याकडे बहुतेकांना असतो तो हा टाइप दोन.

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची देशव्यापी पाहणी २०२३ मध्ये प्रसिद्ध झाली. तिच्या अंदाजाप्रमाणे देशात १० कोटींहून जास्त माणसांना मधुमेह आहे आणि आणखी सुमारे १३ कोटी ६० लाख त्याच्या उंबरठ्यावर आहेत. हा शेठ लोकांचा रोग राहिलेला नाही. गावात भात लावणाऱ्या, खाडीवर मासळी विकणाऱ्या बाईलाही तो होतो. आपल्याकडे तर दिसायला सडपातळ असलेल्या बाईलाही होतो. गरोदरपणात जिची साखर वाढली होती, तिला पुढे मधुमेह होण्याची शक्यता जास्त असते. बाळंत झाल्यावर तिची फाइल बंद होते आणि तिला पुन्हा कोणी तपासायला बोलावत नाही. अंगावरून पांढरं जाणं, सतत खाज, वरचेवर लघवीला जळजळ, यांमागेही कधी कधी साखर असते. बाई लाजेपायी हे सांगत नाही आणि आजार आत वाढत राहतो.

सुरुवातीला गोळ्या, चालणं, खाण्यात बदल यांवर भागतं. काही वर्षांनी स्वादुपिंड थकलं की गोळ्या पुऱ्या पडत नाहीत आणि डॉक्टर इन्सुलिन सांगतात. तेव्हा बाई स्वतःला दोष देते, "मी पथ्य पाळलं नाही, म्हणून सुई लागली." शेजारीणही तेच म्हणते. पथ्य पाळणाऱ्या बाईलाही सुई लागू शकते. ती शिक्षा नव्हे. जो रस शरीरात कमी पडला तो बाहेरून द्यायचा, इतकंच. आणि ती लागली म्हणजे कायमचीच असंही नाही. बाळंतपणात, ऑपरेशनच्या वेळी, मोठ्या तापात काही दिवसांपुरती देतात आणि मग पुन्हा गोळ्यांवर आणतात. गरोदर बाईला तर इन्सुलिन सुरक्षित मानलं जातं.

पहिली सुई: इन्सुलिन

कॅनडातल्या टोरांटो शहरात १९२१ मध्ये फ्रेडरिक बँटिंग आणि चार्ल्स बेस्ट यांनी कुत्र्यांच्या स्वादुपिंडातून हा रस वेगळा काढला. जानेवारी १९२२ मध्ये तो पहिल्यांदा एका चौदा वर्षांच्या मुलाला दिला. तोवर अशी मुलं उपाशी ठेवून थोडे दिवस जगवत. संशोधकांनी आपले पेटंटचे हक्क विद्यापीठाला प्रत्येकी एका डॉलरला देऊन टाकले. हे औषध सगळ्यांचं आहे, अशी त्यांची भावना होती. हे मी सांगते, कारण थोड्या वेळाने आपल्याला किमतीबद्दल बोलायचं आहे. आपल्या महाराष्ट्रातही, तेव्हाच्या औरंगाबादेत, वोक्हार्ट कंपनीने जैवतंत्रज्ञानाने ह्यूमन इन्सुलिन बनवलं आणि २००३ मध्ये बाजारात आणलं.

आता कामाच्या गोष्टी. या वहीत लिहून घ्या.

पहिली, बाटली आणि सिरिंज. आपल्याकडे इन्सुलिनच्या साध्या बाटलीवर '४०' लिहिलेलं असतं, म्हणजे एका मिलीलिटरमध्ये ४० युनिट. पेनमध्ये घालायच्या कार्ट्रिजवर '१००' असतं. ४० च्या बाटलीसाठी ४० ची सिरिंज, तिचं टोपण लाल असतं. १०० साठी १०० ची, तिचं टोपण नारिंगी. समजा, बाईला २० युनिट सांगितलेत. तिने ४० च्या सिरिंजमध्ये २० च्या खुणेपर्यंत १०० चं इन्सुलिन भरलं, तर तिच्या अंगात ५० युनिट जातात. जीवावर बेतेल एवढा हा फरक आहे. उलट अदलाबदल झाली तर औषध निम्म्याहूनही कमी जातं आणि साखर का उतरत नाही हे कुणालाच कळत नाही. नोव्हो नॉर्डिस्क कंपनी ह्यूमन इन्सुलिनची पेनची कार्ट्रिज भारतात बंद करणार, असं २०२५ मध्ये जाहीर झालं. जी बाई अशा कारणाने पेनवरून बाटलीवर येते, तिला कुणीतरी सिरिंज हातात धरून शिकवलं पाहिजे. चिठ्ठी बदलली, एवढ्याने काम होत नाही.

दुसरी, कुठे आणि कसं टोचायचं. पोट, मांडी, दंड, कुल्ला, कातडीखालच्या चरबीत. रोज एकाच जागी टोचलं तर तिथे गाठ येते आणि त्या गाठीतून औषध नीट शोषलं जात नाही. म्हणून जागा बदलत राहा. दुधी दिसणारी बाटली तळहातांत हलकेच घोळवा, घुसळू नका. आपली सिरिंज, आपलं पेन दुसऱ्या कुणालाही देऊ नका. पेनची सुई नवी लावली तरीसुद्धा नाही. रक्तातून कावीळ, एचआयव्ही पसरतात.

तिसरी, साठवण. न उघडलेली बाटली फ्रिजमध्ये, २ ते ८ अंशांत. बर्फाच्या कप्प्यात कधीच नाही. गोठलेलं इन्सुलिन फुकट गेलं असं समजा. वापरात असलेली बाटली थंड, सावलीच्या जागी साधारण चार आठवडे चालते. नेमके दिवस बाटलीच्या कागदावर असतात. आता म्हणाल, फ्रिज कुणाकडे? आणि असला तरी वीज कुठे? ३ जून २०२० चं निसर्ग चक्रीवादळ तुम्ही सगळ्यांनी भोगलंय. कित्येक दिवस आपल्या या भागात वीज नव्हती. तेव्हा मडकं कामाला येतं. मोठ्या मडक्यात ओली वाळू, त्यात छोटं मडकं, त्यात बाटली प्लास्टिकच्या डबीत, वर ओलं फडकं. पावसाळ्यात हवा दमट असते, त्यामुळे मडकं उन्हाळ्याइतकं थंड होत नाही. तरी पत्र्याखालच्या फळीपेक्षा ते केव्हाही बरं.

चौथी, वापरलेली सुई. ती केरात टाकू नका. जाड प्लास्टिकच्या बाटलीत साठवा आणि आरोग्य केंद्रात द्या. केर उचलणारीही आपल्यासारखीच बाई असते. तिच्या बोटात आपली सुई जायला नको.

सगळ्यांत शेवटी जेवणारी

आता जे सांगणार आहे ते कोणत्याही औषधाच्या कागदावर छापलेलं नाही. माझ्या मते आजचा सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा हाच.

मिश्र प्रकारचं साधं ह्यूमन इन्सुलिन जेवणाआधी सुमारे अर्धा तास घ्यायचं असतं. घेतलं की ते काम सुरू करतं, त्याला आपलं घरकाम कळत नाही. आता आपल्या घरातली रात्र डोळ्यांसमोर आणा. बाईने आठ वाजता सुई घेतली. मग सासरे जेवले, पोरं जेवली, नवरा आला, त्याला गरम भाकरी. कुणी पाहुणा आला, त्याचं ताट. बाईच्या ताटात भात पडेपर्यंत दहा वाजले. या दोन तासांत तिची साखर घसरत गेली. तिला घाम फुटला, हात थरथरले, धडधडलं, डोकं चालेना. घरचे म्हणाले, "हिला राग आलाय." कुणी म्हणालं, "अंगात आलंय." तिच्या रक्तातली साखर ७० च्या खाली गेली होती, एवढंच. हे मी एकदा नाही, अनेक घरांतून ऐकलंय. मग बाई काय करते? भाकऱ्या थापायचं सोडत नाही, सुई सोडते. डॉक्टर केसपेपरवर लिहितात, 'रुग्ण औषध घेत नाही.'

म्हणून सांगते, इन्सुलिन घेणारी बाई घरात शेवटी जेवू शकत नाही. तिचं ताट वेळेवर वाढलं जाणं हा तिच्या उपचाराचा भाग आहे, तिचा हट्ट नाही. हे डॉक्टरांनी नवऱ्याला आणि सासूला समोर बसवून सांगायला हवं. डॉक्टर सांगत नसतील तर आपल्या गटातल्या दोघींनी त्या घरी जाऊन सांगायला हवं. सुईने का होईना, पंगत बदलली तर चांगलंच आहे.

उपासाचंही तसंच. हरतालिका निर्जळी, संकष्टी चंद्रोदयापर्यंत, वटपौर्णिमा, एकादशी. आपल्या मुसलमान मैत्रिणींचे महिनाभर रोजे. श्रद्धेवर मी टीका करत नाही. पण इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी चालू असताना न विचारता उपास धरणं धोक्याचं आहे. आधी डॉक्टरांना विचारा, डोस बदलतात का, वेळ बदलते का. आजारी माणसाला सगळ्याच धर्मांत सूट आहे. ती सूट पुरुष सहज घेतात, बाईला मात्र ती मागताना अपराधी वाटतं.

साखर उतरल्याची चिन्हं दिसली तर तीन चमचे साखर पाण्यात घालून लगेच प्या. पंधरा मिनिटं थांबा. बरं वाटलं नाही तर पुन्हा प्या. मग भाकरी, भात, जे असेल ते खा. बाई बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही घालू नका, पाणीसुद्धा नाही, श्वासात जाईल. कुशीवर वळवा आणि १०८ ला फोन करा. शेतावर जाताना कनवटीला साखरेची पुडी ठेवा. पूर्वी मिश्रीची पुडी असायची, तिच्या जागी ही.

दुसरी सुई: आठवड्याची

आता त्या नव्या सुईकडे येऊ. ती इन्सुलिन नाही. हे पक्कं लक्षात ठेवा, कारण दोन्ही पेनं दिसायला सारखी असतात.

आपण जेवलो की आतड्यातून एक संदेश निघतो, त्याला जीएलपी-१ म्हणतात. तो स्वादुपिंडाला सांगतो, साखर आली, रस सोड. तो जठराला सांगतो, सावकाश रिकामं हो. आणि मेंदूला सांगतो, पोट भरलं. आपल्या शरीरातला हा संदेश काही मिनिटांतच विरतो. अमेरिकेच्या वाळवंटात हिला मॉन्स्टर नावाचा विषारी सरडा असतो. त्याच्या लाळेत अशाच कामाचा, पण जास्त टिकणारा पदार्थ सापडला. त्यावरून बनवलेलं पहिलं औषध २००५ मध्ये अमेरिकेत आलं. त्यापुढच्या पिढीतलं सेमाग्लुटाइड. मधुमेहासाठी त्याचं नाव ओझेम्पिक. ते अमेरिकेत २०१७ मध्ये आणि भारतात डिसेंबर २०२५ मध्ये आलं. टिर्झेपाटाइड, म्हणजे मुंजारो, मार्च २०२५ मध्ये भारतात आलं. ते अशा दोन संदेशांची नक्कल करतं. ही औषधं आठवड्यातून एकदा घ्यायची असतात.

फायदा खरा आहे. तीन महिन्यांची सरासरी साखर उतरते, वजन उतरतं. सेमाग्लुटाइडने हृदयविकाराचा धोका आणि मूत्रपिंडाचं नुकसान कमी होतं, हे मोठ्या अभ्यासांत दिसलंय. जागतिक आरोग्य संघटनेने सप्टेंबर २०२५ मध्ये ही औषधं अत्यावश्यक औषधांच्या यादीत घेतली, ती विशेषतः मधुमेहाबरोबर हृदयाचा किंवा मूत्रपिंडाचा आजार असलेल्यांसाठी. ही औषधं एकटी असली तर साखर एकदम खाली जाण्याचा धोका कमी असतो. पण इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइड बरोबर असेल तर तो वाढतो.

आता त्रास. मळमळ, उलट्या, जुलाब किंवा बद्धकोष्ठ हे पुष्कळ जणींना होतं, विशेषतः डोस वाढवताना. म्हणून डोस हळूहळू वाढवतात. पित्ताशयात खडे होऊ शकतात. पोटात असह्य दुखून पाठीकडे कळ गेली तर स्वादुपिंडाला सूज आलेली असू शकते. त्यावर घरी उपाय करत बसू नये. साखर फार झपाट्याने उतरली तर डोळ्यांच्या पडद्याचा जुना आजार बळावू शकतो, म्हणून आधी डोळे तपासून घ्यावेत. घराण्यात थायरॉइडचा मेड्युलरी नावाचा कर्करोग असेल तर ही औषधं घ्यायची नसतात. ऑपरेशन ठरलं तर भूल देणाऱ्या डॉक्टरांना हे औषध चालू असल्याचं आवर्जून सांगा, कारण जठर रिकामं व्हायला वेळ लागतो.

बाईसाठी आणखी दोन गोष्टी. मूल हवं असेल तर सेमाग्लुटाइड किमान दोन महिने आधी थांबवावं लागतं. आणि टिर्झेपाटाइड घेताना माला-एनसारख्या गर्भनिरोधक गोळीचा असर कमी होऊ शकतो. सुरू केल्यावर चार आठवडे, आणि दर वेळी डोस वाढवल्यावर चार आठवडे, निरोध किंवा दुसरं साधन वापरायला हवं. मधुमेहाचे डॉक्टर बाईला "पाळणा लांबवण्यासाठी काय वापरता?" असं विचारतातच असं नाही. तेव्हा आपणच सांगायचं.

बारीक होण्याची सुई?

एका चिठ्ठीवर प्रश्न आलाय, "मधुमेह नाही, पण लग्न ठरत नाही म्हणून मुलीला ही सुई देऊ का?" चिठ्ठी लिहिणाऱ्या आईवर मला राग नाही. मुलगी पाहायला येणाऱ्यांवर आहे. पूर्वी गोरेपणाची क्रीम होती, आता ही सुई आली. हे डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच मिळणारं औषध आहे. लठ्ठपणा हा आजार म्हणून ज्यांना आहे त्यांच्यासाठी त्याचा वापर मान्य आहे, पण तेही तपासून. वरपक्षाच्या डोळ्यांसाठी नाही. सुई थांबवली की उतरलेलं वजन बहुतेकांचं बरंचसं परत येतं. आणि उतरतं त्यात नुसती चरबी नसते, स्नायूही जातात. आधीच जिच्या अंगात रक्त कमी, ताटात डाळ पातळ, तिची भूक मारून काय साधणार?

फोनवर मागवू नका, ओळखीच्याकडून घेऊ नका. जागतिक आरोग्य संघटनेने जून २०२४ मध्ये बनावट ओझेम्पिकबद्दल जगाला इशारा दिला होता. ब्राझील, ब्रिटन आणि अमेरिकेत असा माल सापडला होता. तिथे घडतं ते इथे घडणार नाही असं कोण म्हणेल?

दुसरी चिठ्ठी कारल्याच्या रसाची आहे. कारलं खा, चांगलं आहे. पण रस प्यायला लागले म्हणून सुई बंद, असं करू नका.

किंमत आणि घरातला क्रम

साध्या ह्यूमन इन्सुलिनच्या बाटलीवर सरकारचं किंमत-नियंत्रण आहे. ती दीडशे-पावणेदोनशे रुपयांच्या आसपास मिळते. मुंजारोची सर्वांत लहान बाटली भारतात आली तेव्हा ३,५०० रुपयांना होती, आणि ती एका आठवड्याची. ओझेम्पिकचा सुरुवातीचा डोस भारतात आला तेव्हा आठवड्याला २,२०० रुपयांना होता. २०२५-२६ मध्ये महाराष्ट्रात रोजगार हमीची मजुरी दिवसाला ३१२ रुपये होती. म्हणजे मुंजारोच्या एका आठवड्यासाठी अकरा दिवसांहून जास्त मजुरी. आठवड्यात तर दिवस सातच. सेमाग्लुटाइडवरचं भारतातलं पेटंट मार्च २०२६ पर्यंतचंच होतं. पेटंट संपलं की इतर कंपन्याही औषध बनवू शकतात आणि किंमत उतरते. त्याबरोबर जाहिरातीही वाढतात, हेही ध्यानात ठेवा. ज्यांना हे परवडत नाही त्यांनी मन खट्टू करून घेऊ नये. मेटफॉर्मिनची साधी गोळी आणि साधं इन्सुलिन वेळेवर घेऊनही साखर ताब्यात राहू शकते.

पण पैसे असले तरी ते कुणासाठी खर्च होतात? इथून जवळ कुड्याची लेणी आहेत. तिथे सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचा एक शिलालेख आहे, सोमदेव नावाच्या वैद्याच्या कुटुंबाने दिलेल्या दानाचा. त्यात मुलांबरोबर मुलींचीही नावं कोरलेली आहेत. आपल्या घरच्या औषधाच्या यादीत मात्र बाईचं नाव सापडत नाही. मुंबईहून चाकरमानी पैसे पाठवतो, त्यातून म्हाताऱ्याची गोळी येते, पोरांच्या फिया जातात. बाईची सुई पुढच्या महिन्यावर. मी अशा बायका पाहिल्यात ज्या बाटली पुरवायची म्हणून वीसच्या जागी दहा युनिट घेतात आणि कुणाला सांगत नाहीत.

आपण काय करायचं

मधुमेहाचा राष्ट्रीय कार्यक्रम २०१० पासून आहे. तीस वर्षांवरच्या प्रत्येकीची तपासणी हा तिचा हक्क आहे. आशाताई त्यासाठीच फॉर्म भरून घेते. इन्सुलिन अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहे. तेव्हा या मेळाव्यात चार मागण्यांचा ठराव करू या, असं मी सुचवते.

एक, तालुक्यातल्या प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात इन्सुलिन आणि त्याला जुळणाऱ्या सिरिंजा बाराही महिने मिळाव्यात. सुईसाठी बाईला माणगाव, अलिबागची वाट धरायला लागू नये.

दोन, ज्या बाईला पहिल्यांदा सुई लिहून दिली जाईल, तिला आणि तिच्या घरच्यांना मराठीत समजावून सांगितल्याशिवाय पाठवू नये. तिने स्वतः एकदा भरून, टोचून दाखवावं.

तीन, गरोदरपणात जिची साखर वाढली होती, तिला बाळंतपणानंतर दर वर्षी तपासणीला बोलवावं.

चार, औषध संपलेलं असेल तर तसं लेखी द्यावं. तोंडी "नाही" ऐकून आपण परत यायचं नाही.

या झाल्या सरकारकडच्या मागण्या. एक आपल्याकडची. प्रत्येक गटाने आपल्या वाडीतल्या सुई घेणाऱ्या बायकांची यादी करायची. आठवड्यातून एकदा दोघींनी जायचं, चार गोष्टी बघायच्या: बाटलीवरचा आकडा आणि सिरिंजवरचा आकडा जुळतो का, बाटली कुठे ठेवलीय, साखरेची पुडी जवळ आहे का, आणि ती किती वाजता जेवते. शेवटचा प्रश्न विचारताना घरातल्या सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या आवाजात विचारायचा.

आता वह्या मिटू नका. मी दोन रिकाम्या सिरिंजा आणल्यात, एक लाल टोपणाची, एक नारिंगी. त्या हातोहात फिरू द्या आणि प्रत्येकीने त्यावरचे आकडे वाचून दाखवा. जिला वाचता येत नाही तिने टोपणाचा रंग सांगा. सगळ्यांचं झाल्याशिवाय आपण उठायचं नाही.